म्हशीवरचा नकाशा

सकाळी साडेसातला दहामिनिटेच्या पिकअपनं किंकाळी फोडली आणि निम्म्या गावानं घड्याळं जुळवली.

दहामिनिटे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. आडनाव चांगलं होतं, पण ते त्याच्याशिवाय कुणाला आठवत नव्हतं. कसलंही काम असो, मोटरचा पाइप गळतोय, दाराचा बिजागर निखळलाय, कौल सरकलंय, याचं एकच म्हणणं असायचं, "हात्तिच्या! दहा मिनिटांचं काम!" मग पाइप दोन दिवस गळायचा, बिजागराच्या जागी सुतळी यायची आणि कौल नीट करायला वर चढलेला हा गडी आणखी चार कौलं घेऊन खाली यायचा. तर असा हा दहामिनिटे.

पिकअपची किंकाळी गेले पाच महिने गावाच्या सेवेत होती. इंजिनाच्या तोंडाशी सहा पुल्यांवरून वेडावाकडा फिरणारा एक लांबलचक पट्टा असतो. तो झिजला होता, भेगाळला होता, आणि गाडी चालू केली की घसरून असा ओरडायचा, की वाटावं, मांजराच्या शेपटीवर कुणी पिंप ठेवलंय. ती किंकाळी ऐकून सकाळची बस धरणारे लोक घरातून निघायचे. कोंबड्या रस्ता सोडायच्या. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा, कारण त्या आवाजानं भल्याभल्यांचा हात हलतो. गाडीचा हॉर्न वर्षापूर्वीच मेला होता, पण त्याचं सुतक कुणाला लागलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र किंकाळीच्या जोडीला फटफट फटफट असाही आवाज आला. दहामिनिटेनं बॉनेट उघडून पाहिलं, तर पट्ट्याची एक कड सुटून लोंबत होती.

कारभारीण दारातच उभी होती. कमरेवर हात, डोक्याला फडकं. "काय झालं?"

"काही नाही. जरा लोंबतंय."

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे... चालेल अजून महिनाभर."

"अहो, महिनाभर चालायला ती काय पाहुणी आहे? रस्त्यात तुटला तर?"

"तर पाणी फिरायचं थांबतं, इंजिन तापतं, स्टिअरिंग दगडासारखं होतं. बाकी काही नाही."

"आणखी काय व्हायचं राहिलं? चाकं पळून जायची?" कारभारणीनं फडकं घट्ट आवळलं. "या पट्ट्यावर माझी खरबुजं जाणार नाहीत. आधी सांगून ठेवते."

ही खरबुजं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा कारभारणीनं मागून घेतला होता, तेव्हा दहामिनिटे हसला होता. "तिथं दगड लाव, तेच जोमानं येतात," म्हणाला होता. शिवाय चारचौघांत पैजही बोलून बसला होता, की पीक फाट्यावर जाऊन विकलं गेलं तर तो तुकडा कायमचा तुझा, तिथं काय लावायचं ते तू ठरव. नाही तर पुढच्या वर्षी तिथं कडब्याची गंजी. कारभारणीनं रोज संध्याकाळी घागरीनं पाणी घातलं, प्रत्येक फळाखाली पेंढा सारला, आणि दर चार दिवसांनी एकेक खरबूज तान्ह्या पोरासारखं कुशीवर वळवलं. आता तीनशे फळं पहाटेच तोडून वावरात रचली होती आणि सगळा बांध असा घमघमत होता, की येणारा-जाणारा दोन पावलं हळू चालत होता.

फाट्यावर व्यापाऱ्याचा ट्रक तीन वाजेपर्यंत थांबणार होता. त्यानंतर चार दिवस ट्रक नाही. आणि देठ सुटलेलं खरबूज म्हणजे आलेला पाहुणा. दोन दिवस गोड, तिसऱ्या दिवशी वास.

"दादाला फोन लावते," कारभारीण म्हणाली.

दहामिनिटेचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याच्या तोंडात लिंबू पिळलं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. मोठ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि सगळे त्याला मेस्त्री म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी भरल्या पंगतीत या मेस्त्रीनं पाणी पिता पिता म्हटलं होतं, "दाजींच्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हातात कोलीत!" पंगत हसली. वाढणारे हसले. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते सुद्धा बाकीचे हसले म्हणून हसले. दहामिनिटेनं तिथंच ताटावर हात ठेवून शपथ घेतली होती, की मेस्त्रीच्या गॅरेजची पायरी चढणार नाही आणि मेस्त्रीचा हात गाडीला लागू देणार नाही.

"मेस्त्री कशाला?" तो म्हणाला. "नवा पट्टा दोन महिने खुंटीला लटकतोय. काढायचा आणि घालायचा. दहा मिनिटांचं..."

"बोलू नका!" कारभारीण ओरडली. "ते एवढं तोंडातून काढू नका. मी वावरात जाते, खरबुजं क्रेटांत भरते. बारा वाजता गाडी बांधाला लागली पाहिजे."

ती गेली. दहामिनिटेनं बाह्या सारल्या, खुंटीवरचा पट्टा खांद्यावर टाकला आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

पहिली अडचण तिथंच सापडली. हा पट्टा कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या पुलीच्या खालून जातो, याचं चित्र कंपनी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून देते. दहामिनिटेच्या गाडीतही होतं. पण मागच्या वर्षी घराच्या दारांना निळा रंग दिला तेव्हा अर्धा डबा उरला. वाया कसा घालवायचा? म्हणून त्यानं बॉनेट आतून निळं करून टाकलं होतं. चित्रासकट.

"ठीक आहे," तो स्वतःशी म्हणाला. "काढायच्या आधी फोटो घेऊ."

खिशातून फोन काढला. फोनच्या कॅमेऱ्यावर महिन्यापूर्वी हातोडी पडली होती. हातोडी कुणाची, हे सांगायला नको. फोटो निघाला, पण त्यात इंजिन होतं की पावसाळी ढग, हे कळायला मार्ग नव्हता.

कागद? घरात कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्याला हात लावला तर कारभारीण हात ठेवायची नाही, कारण त्यावर दुधाची नोंद. पेन्सिल तर घरात कधी नव्हतीच. दहामिनिटेनं इकडे तिकडे पाहिलं. भिंत? भिंत पांढरी होती, नुकतीच रंगवलेली. मग त्याची नजर बाईसाहेबांवर गेली.

बाईसाहेब म्हणजे म्हैस. पिकअपच्या पुढ्यातच खुंट्याला बांधलेली, रवंथ करत उभी. काळीकुळकुळीत, रुंद, फळ्यासारखी. आणि दहामिनिटेच्या हाताशी होता ग्रीसचा डबा. नवं कोरं, पिवळंधमक ग्रीस.

"व्वा!" दहामिनिटे म्हणाला. "याला म्हणतात डोकं!"

त्यानं बोट ग्रीसमध्ये बुडवलं आणि बाईसाहेबांच्या डाव्या कुशीवर नकाशा काढायला घेतला. खाली मोठी पुली, तिथून सगळं फिरतं. वर डावीकडे अल्टरनेटर, उजवीकडे स्टिअरिंगचा पंप, मध्ये पाण्याचा पंप, त्याच्या शेजारी एक बिनकामाची वाटणारी गुळगुळीत पुली, आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. सहा गोल झाले. मग इंजिनात बघ, म्हशीवर ओढ, इंजिनात बघ, म्हशीवर ओढ असं करत त्यानं पट्ट्याची सगळी वाट रेखली. मधेच बाईसाहेबांनी कातडी थरथरवली तेव्हा अल्टरनेटर जागचा हलला, पण तो पुन्हा जागेवर आला.

पलीकडच्या ओट्यावरून गुरुजी हे बघत होते. गुरुजी म्हणजे शेजारचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं भूमिती शिकवल्यामुळे त्यांना जगात कुठंही चूक दिसायची.

"काय रे दहामिनिटे, म्हशीला शाळेत घालतोस?"

"नकाशा काढलाय गुरुजी. आता हा जन्मात हरवत नाही. कागद हरवतो, म्हैस कुठं हरवते?"

"हं," गुरुजी म्हणाले. गुरुजींचं 'हं' ऐकून चाळीस वर्षांत कित्येक पोरांचं गणित चुकलं होतं.

टेन्शनरला पाना लावून दहामिनिटेनं जोर केला. टेन्शनर झुकला, पट्टा सैल झाला, आणि जुना पट्टा सापानं कात टाकावी तसा सळसळत बाहेर आला. त्यानं तो हवेत फिरवून गुरुजींना दाखवला. "बघा! चार मिनिटं!"

दुसरी अडचण इथं सुरू झाली. काढताना पट्टा आपोआप येतो, घालताना येत नाही. एका हातानं पाना दाबून टेन्शनर झुकवून धरायचा, दुसऱ्या हातानं पट्टा खालच्या पुल्यांवर बसवायचा आणि तिसऱ्या हातानं तो वरच्या पुलीवर चढवायचा. दहामिनिटेनं हात मोजले. दोनच भरले. त्यानं पाना गुडघ्यानं दाबून पाहिला, पोटानं दाबून पाहिला. एकदा हनुवटीनं दाबला तेव्हा पाना सुटून असा बसला, की दोन दाढांनी जागा बदलली.

"दोरीनं बांध की," गुरुजींनी सुचवलं.

"तेच करतोय!" दहामिनिटे म्हणाला. हे त्याला त्याच क्षणी सुचलं होतं, असं त्याचं नंतरही म्हणणं होतं.

दोरी हवी. चांगली, मजबूत, दीड वाव लांब. हात पुढं केला तर दोरी सापडलीच. त्यानं ती सोडली, पान्याच्या दांड्याला गुंडाळली, खेचली आणि बंपरला गच्च गाठ मारली. टेन्शनर झुकला आणि तसाच गरीब चेहरा करून बसला. दहामिनिटेनं डोकं आत घातलं आणि पट्टा पहिल्या पुलीवर टेकवला.

ही दोरी कुणाच्या गळ्यातली होती, हे त्याच्या लक्षात यायला अर्धा तास गेला.

पहिल्या दोन पुल्या झाल्या. तिसरीला पट्टा वरून की खालून? त्यानं मान वर करून नकाशाकडे पाहिलं. समोर खुंटा होता. खुंट्यापाशी शेण होतं. शेणाच्या पलीकडे गुरुजींचा ओटा होता.

"गुरुजी, म्हैस?"

"गेली."

"कुठं?"

"तिची वेळ झाली. रोज अकराला डोहावर जाते ना ती?"

"तुम्ही बघितली तिला जाताना?"

"बघितली म्हणजे? माझ्या समोरून गेली. मला वाटलं, तूच सोडलीस. दोरी तूच काढलीस!"

दहामिनिटेनं बंपरवरच्या गाठीकडे पाहिलं, रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. हात ग्रीसचे होते. केसांना चांगली चमक आली.

गुरुजी उठले, ओट्यावरून खाली उतरले आणि बॉनेटमध्ये डोकावले. "हे बघ, घाबरू नकोस. पुल्या सहा आहेत. सहा पुल्यांना क्रमानं जायच्या वाटा किती? सहा गुणिले पाच गुणिले चार... सातशे वीस! एकेक वाट करून बघायला पाच मिनिटं धर. साठ तासांत बरोबर वाट सापडलीच पाहिजे."

"खरबुजं तीन वाजता जायचीत हो!"

"मग लवकर सुरू कर."

दहामिनिटे डोहाकडे धावला. मागून गुरुजी, कारण निवृत्त माणसाला सकाळी अकरा वाजता दुसरं काय असतं?

डोहात बाईसाहेब होत्या. म्हणजे नाक, डोळे आणि शिंगं होती. बाकी सगळा नकाशा पाण्याखाली.

"ये ये ये, बाईसाहेब! ये गं माझी शहाणी!"

बाईसाहेबांनी एक डोळा मिटला.

दहामिनिटे गुडघाभर पाण्यात उतरला. बाईसाहेब दोन पावलं आत सरकल्या. तो कमरेपर्यंत उतरला. बाईसाहेब डोहाच्या मधोमध जाऊन बसल्या. तो छातीपर्यंत उतरला आणि मग त्याला आठवलं, की खिशात फोन होता.

"यालाच म्हणतात," काठावरून गुरुजी म्हणाले, "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! तू आधी म्हैस बघ, मग पट्टा बघ, मग खरबुजं बघ."

तेवढ्यात क्रेट भरून झाल्यावर गाडी का आली नाही हे बघायला निघालेली कारभारीण बांधावरून उतरली. तिनं डोहाकडे पाहिलं. नवरा छातीभर पाण्यात, हातात मेलेला फोन, डोक्यावर पिवळं ग्रीस, आणि समोर म्हैस.

"अहो, काय चाललंय हे?"

"पट्टा बदलतोय," दहामिनिटे म्हणाला.

गुरुजींनी झाला प्रकार सांगितला. थोडक्यात सांगितला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी आकृतीसकट सांगितला. कारभारीण ऐकत राहिली. रागानं तिचे गाल फुगले, मग ओठ थरथरले, आणि मग ती काठावरच्या दगडावर बसून इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"म्हशीवर! अगं आई गं! म्हशीवर काढला आणि म्हशीचीच दोरी!"

"हसायला काय झालंय? तुझीच खरबुजं जायचीत."

हे ऐकल्यावर ती थांबली. उठली. बांधावर गेली आणि एक खरबूज घेऊन आली. पायानं फोडलं आणि अर्धं बाईसाहेबांच्या दिशेला धरलं. वास पाण्यावरून गेला मात्र, डोह ढवळून निघाला. एखादं जहाज निघावं तशी म्हैस उठली आणि दहामिनिटेला बाजूला सारून काठावर आली.

पण अंगावर नकाशा कुठला! वीतभर चिखल. पोटापासून पाठीपर्यंत एकसारखा सारवलेला.

खरबूज चघळण्याचा तेवढा आवाज येत होता.

"संपलं," दहामिनिटे हळूच म्हणाला. त्याच्या अंगातून पाणी गळत होतं आणि आवाजातूनही. "लाव फोन. तुझ्या फोनवरून मेस्त्रीला लाव. म्हणावं, या आणि हसा. काय व्हायचं ते होऊ दे. तुझी खरबुजं सडायला नकोत."

कारभारणीनं त्याच्याकडे पाहिलं. सहा महिने हा माणूस भावाचं नाव निघालं की उठून जात होता. तिनं फोन काढला, पण लावला नाही. "घरी चला आधी. तिथून लावते," म्हणाली. आणि उरलेलं अर्धं खरबूज पुढं धरून चालू लागली. मागून बाईसाहेब, मागून दहामिनिटे, मागून गुरुजी.

ऊन असं होतं, की पायाखालची धूळ चटके देत होती. घर येईपर्यंत दहामिनिटेचे कपडे सुकले, आणि बाईसाहेबांच्या अंगावरचा चिखलही सुकून राखाडी झाला. कारभारणीनं अंगणात फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि बोट तसंच राहिलं.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या."

"काय?"

"या म्हणते ना!"

ग्रीसवर चिखल धरत नाही. चिखल जिथं तिथं बसला होता, पण जिथं जिथं दहामिनिटेचं बोट फिरलं होतं तिथून निसटून गेला होता. राखाडी फळ्यावर काळ्या शाईनं काढावा तसा नकाशा लखलखीत उमटला होता. सकाळी पिवळ्यानं काढलेला दिसत नव्हता इतका आता ठळक दिसत होता. बाईसाहेबांनी तो धुऊन, वाळवून, ताजा करून आणला होता.

"बघा!" दहामिनिटेनं छाती काढली. "म्हणून तर ग्रीसनं काढला!"

"गप्प बसा आणि आत डोकं घाला," कारभारीण म्हणाली. तिनं पदर खोचला, फोन गुरुजींच्या हातात दिला आणि म्हशीसमोर उभी राहिली. "मी वाचते, तुम्ही घाला. किती वाजले गुरुजी?"

"एक वाजून पाच."

"खालची मोठी?"

"झाली."

"तिथून वर डावीकडे."

"अल्टरनेटर. झाला."

"तिथून परत खाली, पण आतल्या बाजूनं... थांबा, हलली! बाईसाहेब, उभ्या राहा! गुरुजी, एक खरबूज द्या तिला!"

एका खरबुजाला बाईसाहेब पाच मिनिटं स्थिर राहायच्या. मग शेपटी हलायची, शेपटी टेन्शनरवरून फिरायची, आणि दुसरं खरबूज लागायचं. गुरुजी बांधावरून खरबुजं आणून आणून घामाघूम झाले.

"पाण्याच्या पंपाला वरून की खालून?"

कारभारीण वाकली. तिथं नेमकी पोटाची घडी पडली होती. "दिसत नाही."

"गुदगुल्या कर तिला!"

"तुम्ही करा, मग लाथ कुणाला बसते ते बघू." तिनं नवा पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. एका बाजूला रेघा, दुसरी बाजू गुळगुळीत. "पंपाची पुली कशी आहे? रेघांची की साधी?"

"साधी. गुळगुळीत."

"मग पट्ट्याची गुळगुळीत पाठ त्यावर जाईल. रेघा रेघांवर, पाठ पाठीवर. चप्पल काय आपण उलटी घालतो? म्हणजे वरून."

दहामिनिटेनं वरून घातला. पट्टा बसला. त्यानं कपाळावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "हे मला माहीत होतं."

"हो ना. पुढची?"

"शेजारची साधी पुली झाली. मग टेन्शनर. हा टेन्शन घ्यायला असतो."

"इतकी वर्षं मला वाटत होतं, ते काम माझंच आहे. पुढची स्टिअरिंग. झाली? आता वर, शेपटीच्या बाजूला, एक लहान गोल."

"कुठला लहान गोल?"

"सातवा."

"सातवा?" दहामिनिटेनं डोकं बाहेर काढलं. "पुल्या सहाच आहेत."

"इथं सात आहेत. मोजा."

त्यानं मोजल्या. सात होत्या. गुरुजींनी मोजल्या. सात. दहामिनिटे पुन्हा बॉनेटमध्ये शिरला, गाडीखाली गेला, दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. "पडली! एक पुली पडली! किंवा कुणी चोरली! गुरुजी, आपण डोहावर असताना इथं कोण आलं असेल?"

"सात असतील तर वाटा पाच हजार चाळीस होतात," गुरुजी म्हणाले.

"तुमच्या वाटा ठेवा तिकडे!" दहामिनिटे रडकुंडीला आला. दोन वाजायला आले होते. आणि कारभारीण मात्र त्या सातव्या गोलाजवळ नाक नेऊन वास घेत होती.

"अहो," ती सरळ होत म्हणाली, "कुंपणाची तार लागली होती ना तिला? मी सकाळी दूध काढताना इथं मलम लावलंय. ती पुली नाही, ते खरचटलंय!"

गुरुजी एवढे हसले, की त्यांच्या हातातलं खरबूज पडलं आणि बाईसाहेबांनी ते जमिनीवरूनच उचललं.

दोरीची गाठ सोडली. टेन्शनर खाडकन मागं आला आणि पट्टा तारेसारखा ताठ झाला. दहामिनिटे गाडीत बसला, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

आवाजच नाही.

त्यानं पुन्हा फिरवली. खर्रर्र!

"अहो, चालूच आहे ती!" कारभारीण ओरडली. "चालू गाडीला काय पुन्हा पुन्हा उठवताय?"

खरंच चालू होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा गाडी माणसासारखी बोलत होती. दहामिनिटेला ते शांत इंजिन ऐकून कसंसंच झालं. घरातलं रडकं पोर अचानक गप्प बसावं तसं.

क्रेट भरले आणि गाडी निघाली तेव्हा अडीच वाजून गेले होते. फाटा वीस मिनिटांवर. पण आता तिसरी अडचण उभी राहिली, ती रस्त्यात. किंकाळी येईना म्हणून कुणी बाजूलाच होईना! कोंबड्या रस्त्याच्या मधोमध अंग घासत होत्या. दोन म्हातारे भर वळणावर उभं राहून गुडघेदुखीवर बोलत होते. दहामिनिटेनं सवयीनं हॉर्न दाबला. हॉर्न मेलेला.

"सरका! अहो सरका!" दहामिनिटे खिडकीतून ओरडला. म्हाताऱ्यांनी वळून त्याला हात केला आणि पुन्हा बोलू लागले.

कारभारणीनं दुसऱ्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, छाती भरून श्वास घेतला आणि जुन्या पट्ट्याची हुबेहूब किंकाळी फोडली. "कीईईईईई!"

कोंबड्या उडाल्या. म्हातारे उडाले. न्हाव्यानं गालावरचा वस्तरा उचलला. रस्ता कसा आरशासारखा साफ झाला.

पुढं मोठ्या रस्त्यावर गॅरेजसमोर मेस्त्री चहाचा कप घेऊन स्टुलावर बसला होता. गाडी शेजारून गेली तेव्हा कारभारीण दम घेत होती, त्यामुळे मेस्त्रीला काहीच ऐकू आलं नाही. वर बघतो तो दाजींची पिकअप, बहीण शेजारी, आणि इंजिन तुपासारखं. दहामिनिटेनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त कोपर खिडकीबाहेर काढून ठेवलं. मेस्त्रीचा चहा मांडीवर गेला.

फाट्यावर ट्रकचं इंजिन चालू होतं आणि व्यापारी दार लावत होता. "अहो, लांबून आवाज आला नाही तुमचा!" तो म्हणाला. "म्हटलं, हे काही येत नाहीत. निघालोच होतो." त्यानं एक खरबूज उचललं, देठाशी हुंगलं, दुसरं हुंगलं, आणि ट्रकचं इंजिन बंद करायला सांगितलं. "कुणाच्या वावरातली?"

दहामिनिटेनं तोंड उघडलं. कारभारणीनं त्याच्याकडे पाहिलं.

"हिच्या," तो म्हणाला. "ओढ्याकाठचा तुकडा. हिचा आहे तो."

बाईसाहेबांच्या पोटात गेलेली चौदा सोडून सगळी खरबुजं ट्रकमध्ये चढली. पुढच्या वर्षी तिथं कलिंगडंही लावायची, हे परत येताना कारभारणीच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात माणसांची बस चुकली. ती सातही माणसं दहामिनिटेच्या दारात भांडायला आली. "अहो, सांगायचं तरी की गाडी दुरुस्त करताय म्हणून! आम्ही घरात वाट बघत बसलो!" त्यांची समजूत घालतो न घालतो तोच दारात मेस्त्री उभा. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"काय दादा, सकाळीच?" कारभारणीनं विचारलं.

"सहज. बहिणीला भेटावं म्हटलं." मेस्त्रीनं पाणी घेतलं, हवापाण्याचं विचारलं, पण त्याची नजर सारखी खुंट्याकडे जात होती. मग तो उठला आणि फिरल्यासारखं करत म्हशीच्या डाव्या बाजूला गेला. गुरुजींनी काल संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला आकृतीसकट सांगितलं होतं, हे उघड होतं.

"दाजी," मेस्त्री घसा खाकरून म्हणाला, "एक पिकअप आलीय गॅरेजात. तुमच्याच कंपनीची. पुढून ठोकलीय, बॉनेटचा चुरा. त्यातलं चित्र गेलं, आणि पट्टा मालकानंच काढून पिशवीत आणलाय."

"बरं मग?" दहामिनिटे म्हणाला.

"मग काही नाही. आपण आजपर्यंत ते चित्र बघूनच घालत आलो ना. ते पाठ कोण करतं?"

म्हणजे काल मेस्त्रीला बोलावलं असतं, तर तोही येऊन निळ्या बॉनेटकडेच बघत बसला असता! दहामिनिटेनं कारभारणीकडे पाहिलं. कारभारीण पदर तोंडाला लावून आत पळाली.

मेस्त्रीनं खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "तुमच्या गाडीला हात लावत नाही, शपथ ठाऊक आहे. म्हैस... धुतली तर नाही ना अजून?"

दहामिनिटेनं खुंट्यापाशी स्टूल ठेवलं, मेस्त्रीला दंडाला धरून त्यावर बसवलं आणि बाईसाहेबांची दोरी त्याच्या हातात दिली.

"बसा, मेस्त्री. सावकाश उतरवून घ्या," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. आणि हो, पुल्या सात आहेत. एकही सोडू नका."